चालत्या फोनला लावलेलं ठिगळ

१५ जानेवारी १९९०, सोमवार. मार्टिन ल्यूथर किंग दिनाची अमेरिकेत सुट्टी होती. न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टर इथे एटी अँड टी कंपनीचं नियंत्रण केंद्र होतं आणि देशभरातल्या लांब पल्ल्याच्या फोन कॉलवर तिथून नजर ठेवली जायची. दुपारी दोन वाजून पंचवीस मिनिटांनी तिथल्या पडद्यांवर लाल इशारे उमटायला लागले. आधी थोडे, मग बघता बघता भिंतभर. पुढचे नऊ तास या जाळ्यावरचे जवळजवळ निम्मे कॉल लागलेच नाहीत. ‘सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ एवढंच लोकांना ऐकू येत होतं.

कुठे केबल तुटली नव्हती. वीज गेली नव्हती. कुणी हल्लाही केला नव्हता. महिन्याभरापूर्वी, डिसेंबरच्या मध्यावर, कंपनीने कॉल जोडून देणाऱ्या आपल्या ११४ मोठ्या एक्स्चेंजमधल्या सॉफ्टवेअरला एक पॅच लावला होता, आणि तोही सेवा सुधारावी म्हणूनच.

पॅच म्हणजे ठिगळ, चालू सॉफ्टवेअरमध्ये केलेला छोटा बदल. कागदी पट्टीला भोकं पाडून प्रोग्राम लिहायचे त्या काळी चुकीचा तुकडा कापून त्या जागी दुरुस्त तुकडा खरोखरच चिकटवत, तिथून हा शब्द आला. फाटक्या धोतराला ठिगळ लावायचं तर ते आधी अंगावरून उतरवता येतं. फोन यंत्रणेची अडचण अशी की ती अंगावर असतानाच शिवावी लागते.

त्या दिवशी नेमकं काय घडलं ते सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण आजच्या ऑफिसमधल्या छोट्या फोन यंत्रणेलाही तेच नियम लागू पडतात. न्यूयॉर्कमधल्या एका एक्स्चेंजला स्वतःत किरकोळ बिघाड जाणवला. अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं होतं. शेजारच्या एक्स्चेंजना ‘आत्ता कॉल पाठवू नका’ असा निरोप द्यायचा, चार ते सहा सेकंदांत स्वतःला सावरायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. जुन्या पद्धतीत सावरल्यावर ‘मी आलो’ असा वेगळा निरोप जायचा. वेळ वाचावा म्हणून नव्या पद्धतीत तो गाळला होता. न्यूयॉर्ककडून कॉल यायला लागले की ते सुरू झालं, हे शेजाऱ्यांनी आपणहून समजायचं.

न्यूयॉर्क सावरलं आणि त्याच्याकडून पहिला कॉल आला. शेजारचं एक्स्चेंज ‘न्यूयॉर्क सुरू’ अशी नोंद करायला लागलं आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात दुसरा कॉल येऊन थडकला. इथेच घात झाला. सी भाषेत लिहिलेल्या त्या प्रोग्राममध्ये ‘ब्रेक’ ही आज्ञा चुकीच्या जागी पडली होती. खोलीतून बाहेर ये असं सांगायचं होतं, प्रोग्रामने मात्र घरातूनच बाहेर पडायचं असा अर्थ घेतला. हातातलं काम अर्धवट राहिलं आणि जपून ठेवायच्या माहितीवर दुसरीच माहिती लिहिली गेली. माहिती बिघडल्याचं त्या एक्स्चेंजच्या लगेच लक्षात आलं, आणि नियमाप्रमाणे तेही स्वतःला सावरायला काही सेकंद बंद झालं. परत आल्यावर त्याने कॉल पाठवले आणि आपल्या शेजाऱ्यांना त्याच खड्ड्यात पाडलं. ते सावरून उठले, त्यांनी पुढच्यांना पाडलं. अशी ही लाट देशभर फिरत राहिली.

या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक प्रोसेसरला एक राखीव जोडीदार होता, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एक पडला तर दुसरा सांभाळेल, अशी भक्कम सोय. पण दोघांत प्रोग्राम एकच होता, त्यामुळे चूकही एकच होती. ११४ एक्स्चेंजची तीच गत. एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेलं कुलूप सगळ्या दारांना लावलं, तर एका किल्लीने सगळी दारं उघडतात. अभियंत्यांनी आधी एक्स्चेंजमधल्या निरोपांची गर्दी कमी केली. दोन निरोप इतक्या लागोपाठ येणं थांबलं आणि रात्री साडेअकराच्या सुमाराला जाळं शांत झालं. त्यानंतर जुनं सॉफ्टवेअर परत बसवण्यात आलं. ते जपून ठेवलेलं होतं, म्हणूनच परत फिरता आलं.

पुढच्याच वर्षी, १९९१ च्या जून-जुलैमध्ये, वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस, पिट्सबर्ग आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या स्थानिक फोनसेवा कोलमडल्या. कॉलचे संदेश पुढे धाडणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर डीएससी कम्युनिकेशन्स या कंपनीचं होतं. लाखो ओळींच्या प्रोग्राममध्ये फक्त तीन ओळी बदलल्या होत्या. बदल इतका लहान, म्हणून नेहमीची पूर्ण चाचणी पुन्हा केली गेली नाही. एका ठिकाणी ‘डी’ ऐवजी ‘६’ टंकला गेला होता. गर्दी वाढल्यावर यंत्राने स्वतःला आवरायला हवं होतं, ते या एका अक्षरामुळे जमेना.

दोन्ही घटनांत सारखं काय होतं? नेहमीचा कॉल दोन्ही वेळा ठीक लागत होता. चूक लपली होती अडचणीच्या वेळी वापरायच्या वाटेवर. एटी अँड टीचा पॅच महिनाभर निमूट चालला, कारण महिनाभर ती वाट तशी लागलीच नाही. म्हणून पॅच लावल्यावर एक फोन करून पाहिला, लागला, झालं, एवढ्यावर समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं.

आता आपल्या ऑफिसकडे येऊ. ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज, आपल्याकडे ज्याला सगळे ईपीएबीएक्स म्हणतात, तो रिसेप्शनच्या मागे भिंतीवर टांगलेला डबा असायचा. बाहेरच्या चार लाइन, आतली चाळीस एक्स्टेन्शन, बाहेर फोन करायचा तर आधी शून्य दाबा. पाऊस-पाणी आणि उंदीर यांच्यापासून जपलं की तो पंधरा वर्षं चालायचा. आज बऱ्याच ठिकाणी त्याची जागा सर्व्हरने घेतली आहे. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं ‘ॲस्टरिस्क’ हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या संगणकालाही एक्स्चेंज बनवतं आणि त्यावर उभं राहिलेलं ‘फ्रीपीबीएक्स’ ब्राउझरमधून चालवता येतं. म्हणजे तुमचा फोन आता इंटरनेटला जोडलेला संगणक आहे. संगणकाचे आजारही मग त्याला होणारच.

ठिगळ लावलंच नाही तर काय होतं? चोर रात्री येतात. त्यांना तुमचं बोलणं ऐकायचं असेलच असं नाही, त्यांना तुमची लाइन हवी असते. परदेशात असे नंबर भाड्याने मिळतात की त्यांवर आलेल्या प्रत्येक कॉलच्या पैशांतला वाटा नंबर घेणाऱ्याला जातो. शनिवारी रात्री तुमच्या यंत्रणेत शिरायचं, सोमवार उजाडेपर्यंत त्या नंबरांवर सतत फोन लावायचे आणि बिल तुमच्या नावावर फाडायचं, असा हा धंदा आहे. २०२० मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने अशीच एक मोहीम उघडकीला आणली. तिच्यात सुमारे बाराशे संस्थांच्या फोन यंत्रणा लक्ष्य झाल्या होत्या. ज्या छिद्रातून चोर शिरत होते त्यावरचा पॅच २०१९ संपण्यापूर्वीच आला होता. लावायचा तेवढा राहिला होता.

म्हणून आला पॅच की लाव, असं करावं तर तिथेही एक गोष्ट आडवी येते. मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या ऑफिस-फोन कंपनीच्या डेस्कटॉप ॲपचं जे अद्ययावत रूप ग्राहकांकडे गेलं, त्यातच हेरगिरीचं सॉफ्टवेअर होतं. कंपनीची डिजिटल सही खरी होती आणि पॅच अधिकृत वाटेनेच आला होता. मँडियंट या संस्थेने माग काढला तेव्हा कळलं की थ्रीसीएक्सच्या एका कर्मचाऱ्याने वायदे-व्यवहाराचं एक सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर घेतलं होतं आणि तेही आधीच बाटवलेलं होतं. त्यातून हल्लेखोर कंपनीत शिरले. संशय उत्तर कोरियाशी संबंधित गटावर आहे.

घाई केली तर विषारी ठिगळ, उशीर केला तर उघडं भोक. या पेचातून निघायची वाट मला २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट दिसली. फ्रीपीबीएक्समध्ये एक गंभीर छिद्र सापडलं. पॅच येण्याआधीच हल्ले सुरू झाले होते. पण मार खाल्ला तो ज्यांचं प्रशासनाचं पान, म्हणजे जिथून यंत्रणा चालवतात ते वेबपान, साऱ्या इंटरनेटला उघडं होतं त्यांनी. ते पान फक्त ऑफिसच्या जाळ्यातून किंवा व्हीपीएनमधूनच, म्हणजे बाहेरून त्या जाळ्यात यायच्या सुरक्षित वाटेनेच, उघडेल अशी सोय असेल, तर त्या छिद्रापर्यंत चोराचा हात पोचतच नाही. आधी दार लोटून घ्यावं आणि मग शांतपणे ठिगळ शिवावं. असं केलं की पॅच पारखून घ्यायला चार-आठ दिवस मिळतात. हल्ला प्रत्यक्ष सुरू असेल आणि दार लोटण्याची सोय नसेल, तर मात्र त्याच रात्री पॅच लावायला हवा.

लावताना पहिली गोष्ट म्हणजे परतीची वाट. बॅकअप आहे असं सगळेच सांगतात. तो त्याच सर्व्हरवर असेल तर सर्व्हरबरोबर तोही जाईल. तो दुसरीकडे हवा, आणि दुसऱ्या यंत्रावर एकदा उतरवून, त्यावरून फोन लागतो हे पाहिलेलं हवं. काही यंत्रणांचा परवाना विशिष्ट यंत्राला बांधलेला असतो. बॅकअप उतरतो, पण एक्स्टेन्शन जागी होत नाहीत. हे रात्री दोन वाजता कळू नये. सर्व्हर आभासी, म्हणजे दुसऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला असेल तर पॅचच्या आधी त्याची जशीच्या तशी प्रत घेता येते, आणि ती दुसऱ्या दिवशी पुसून टाकू नये. एटी अँड टीची चूक महिन्याने उठली होती, हे लक्षात असू द्यावं.

जोडीचे दोन सर्व्हर असतील तर आधी राखीव सर्व्हरला पॅच लावावा, काम त्याच्याकडे वळवावं आणि पहिल्याला काही दिवस जुनाच राहू द्यावा. दोन वेगळ्या आवृत्त्या एकमेकींशी बोलू शकतात ना, हे मात्र आधी कंपनीच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावं. अनेक शाखा असतील तर सगळ्यात लहान शाखा आधी.

वेळ कोणती निवडावी? रविवारी रात्री, असं ठोकळेबाज उत्तर हॉटेलला किंवा रुग्णालयाला लागू पडत नाही. यंत्रणेकडे प्रत्येक कॉलची नोंद असते. महिन्याभराची नोंद चाळली की खरी निवांत वेळ आपोआप दिसते. टेबलावरच्या फोनमधलं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलत असेल तर वीज हा मोठा प्रश्न. नवं सॉफ्टवेअर लिहिलं जात असताना वीज गेली, तर काही फोन कायमचे मुके होतात. महाराष्ट्रात भारनियमन आणि वळवाचा पाऊस ठाऊक असलेल्याला हे वेगळं सांगायला नको. सर्व्हर यूपीएसवर असतो, पण फोनना वीज पुरवणारा नेटवर्क स्विच साध्या सॉकेटवर, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. दोनशे फोन एकदम सुरू केले तर ते सगळे एकाच क्षणी सर्व्हरकडे नाव नोंदवायला धावतात आणि सर्व्हर गुदमरतो. म्हणून मजल्यामागून मजला सुरू करावा.

मग चाचणी. आतून आत, आतून बाहेर, बाहेरून आत. दोन्ही बाजूंना आवाज येतो का? कॉल होल्डवर ठेवला, दुसऱ्याकडे वळवला तर तुटत नाही ना? ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हटल्यावर दाबलेलं बटण पोचतं का? लिफ्टमधला फोन कुणाच्याच ध्यानात राहत नाही, तो स्वतः आत जाऊन वाजवून पाहावा. आपत्कालीन ११२ नंबर आधी शून्य न दाबता लागायला हवा, हे वितरकाला विचारून, ठरलेल्या रीतीने तपासावं. २०१३ मध्ये टेक्सासमधल्या एका मोटेलच्या खोलीत आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ हा तिथला आपत्कालीन नंबर लावला. बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक ९ दाबावा लागतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आई वाचली नाही. त्या आईच्या नावाने अमेरिकेत ‘कॅरीज लॉ’ झाला, आणि आता तिथल्या नव्या यंत्रणांमध्ये ९११ थेट लागणं बंधनकारक आहे. पॅचमध्ये डायल करण्याचे नियम मूळ पदावर गेले, तर अशी सोय गुपचूप नाहीशी होऊ शकते.

यानंतर मुद्दाम मोडून पाहायचं. कॉल चालू असताना मुख्य सर्व्हरची केबल काढावी. राखीव उठतो का? इंटरनेटची एक लाइन बंद करावी. दुसरीवरून कॉल जातात का? १९९० साली आणि १९९१ साली चूक याच वाटेवर दबा धरून होती.

शेवटी एक लांब कॉल. इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलमध्ये दोन्ही टोकं ‘अजून आहेस ना?’ असं मधूनमधून एकमेकांना विचारतात. नेहमीची मुदत अठराशे सेकंदांची असते आणि विचारपूस साधारण निम्म्यावर, पंधराव्या मिनिटाला होते. पॅचने हा व्यवहार बिघडवला असेल तर दोन मिनिटांच्या चाचणीत सगळं उत्तम दिसतं, आणि सोमवारी ग्राहकाशी महत्त्वाचं बोलणं रंगात आलेलं असताना लाइन जाते. म्हणून पहाटे काम संपल्यावर एका फोनवरून स्वतःच्या मोबाइलला कॉल लावावा, रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवावा आणि चहा घ्यावा. पंधरा मिनिटं उलटली तरी तो उचलून ठेवू नये. अर्धा तास होऊन पलीकडून अजूनही आपलाच आवाज येत असेल, तरच दिवे मालवून घरी निघावं.