पोलीस छायाचित्रण आणि राजकीय बंडखोरांची ओळख (आरंभकाळ)

अटकेतील किंवा संशयित व्यक्तीचे छायाचित्र काढून ते पुढे ओळख पटवण्यासाठी दप्तरी ठेवण्याची पोलिसी पद्धत. ती सराईत गुन्हेगारांसाठी रूढ झाली. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत, विशेषतः फ्रान्समध्ये, राजकीय बंडखोरही तिच्या कक्षेत आले.

१८७१ मध्ये पॅरिस कम्यूनचा, म्हणजे पॅरिसमधील बंडखोरांच्या अल्पकालीन राजवटीचा, पाडाव झाल्यावर अपेर या छायाचित्रकाराने व्हर्सायच्या तुरुंगांतील कैद्यांची छायाचित्रे घेतली. पुढे पोलिसांकडे अशा छायाचित्रांचे ढीग साचले, परंतु कैदी खोटे नाव सांगत असेल तर ढिगातून त्याचा चेहरा हुडकायचा कसा, हा प्रश्न सुटेना. १८७९ मध्ये पॅरिस पोलिसांत कारकून म्हणून लागलेल्या आल्फाँस बेर्तीयाँ याने तो सोडवला. डोके, मधले बोट, पाऊल अशा शरीराच्या अकरा मापांनुसार त्याने कार्डांची वर्गवारी लावली आणि प्रत्येक कार्डावर ठरावीक अंतरावरून, ठरावीक प्रकाशात घेतलेली समोरची व बाजूची अशी दोन छायाचित्रे डकवली. या पद्धतीत चेहऱ्यापेक्षा मापांची मदार मोठी होती, हे सहसा विसरले जाते.

मार्च १८९२ मध्ये न्यायव्यवस्थेतील अधिकाऱ्यांच्या पॅरिसमधील घरांत बॉम्ब ठेवणाऱ्या राव्हाशोल या अराजकवाद्याला (राज्यसंस्थाच नको मानणाऱ्याला) पकडून दिले ते एका उपाहारगृहातील वाढप्याने, त्याचे बोलणे आणि हातावरचा व्रण लक्षात ठेवून. बेर्तीयाँचे काम त्यानंतरचे होते: सेंत-एत्येन येथे पूर्वी मापे घेतलेला केनिगस्टाईन नावाचा इसम तो हाच, हे त्याने कार्डावरून सिद्ध केले. या यशाने त्याची कीर्ती युरोपभर पसरली.

तथापि ही पद्धत ज्याची नोंद आधीच झाली आहे त्यालाच ओळखू शकत होती. साहजिकच, नोंदी आगाऊ करून ठेवण्याकडे पोलिसांचा कल वाढला. डिसेंबर १८९३ मध्ये फ्रेंच संसदेत बॉम्ब फेकला गेल्यानंतर कडक कायदे झाले, धरपकड झाली आणि ज्यांच्यावर केवळ विचारांचा संशय होता अशा कामगारांची, मुद्रकांची व स्त्रियांचीही छायाचित्रे निघाली. युद्धखात्यातील कर्मचारी आणि कलासमीक्षक फेलिक्स फेनेआँ ऑगस्ट १८९४ च्या खटल्यात निर्दोष सुटला. त्याचे कार्ड मात्र आजही पाहायला मिळते. १८९८ च्या रोम येथील अराजकवादविरोधी परिषदेने चेहऱ्याचे ठरावीक परिभाषेत शब्दांकन करण्याच्या बेर्तीयाँच्या रीतीचा पुरस्कार केला. मापांची जागा लवकरच बोटांच्या ठशांनी घेतली. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत १८९७ मध्ये कलकत्त्यात सरकारी वापरात आली होती. छायाचित्र तेवढे टिकले.

ब्रिटनमध्ये मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या स्त्रिया कॅमेऱ्यापुढे तोंड वेडेवाकडे करीत वा मान फिरवीत, म्हणून १९१३ च्या सुमारास लंडनच्या हॉलोवे तुरुंगात लांब पल्ल्याच्या भिंगाने त्यांची छायाचित्रे नकळत टिपण्यात आली. मँचेस्टरच्या कलादालनातील चित्रांच्या काचा फोडणाऱ्या एव्हलिन मनेस्टा हिला छायाचित्रासाठी पहारेकऱ्याला गळ्याभोवती हात आवळून धरून ठेवावे लागले. वाटण्यासाठी काढलेल्या प्रतीत तो हात पुसून त्या जागी गळपट्टा रंगवला गेला.