कलाशिक्षण आणि त्यावरील कपात

कलाशिक्षण : चित्र, शिल्प, संगीत, नृत्य, नाट्य अशा कलांचे पद्धतशीर शिक्षण. कलावंत घडवणे हा त्याचा एक हेतू. शाळेत मात्र तो दुय्यमच. तिथे प्रत्येक मुलाला नीट पाहायला-ऐकायला शिकवणे आणि त्याच्या हाताला वळण लावणे महत्त्वाचे असते.

वस्तुचित्राच्या तासाला समोरचा पेला पाहून मूल बहुधा वर लंबगोल तोंड काढते आणि खाली सरळ आडवी रेघ. पेला टेबलावर सपाट टेकला आहे हे त्याला माहीत असते, म्हणून बूडही सपाट. चांगला शिक्षक चूक सांगत नाही, ‘पुन्हा बघ’ एवढेच म्हणतो. तोंड गोलसर दिसते, मग बूड सरळ कसे दिसेल? हे उमगले की खोडरबर फिरते आणि रेघ वळते. बूड नजरेपासून तोंडापेक्षा अधिक खाली, म्हणून त्याची गोलाई तोंडाहूनही जास्त, हे पुढचे पाऊल. ठाऊक असलेले वेगळे आणि दिसणारे वेगळे, हा धडा इतक्या थेटपणे दुसऱ्या कुठल्या तासाला क्वचितच मिळतो.

ऑस्ट्रियातील कलाशिक्षक फ्रांत्स चिझेक यांनी १८९७ मध्ये व्हिएन्नात मुलांसाठी कलावर्ग सुरू केला आणि नमुने गिरवण्याऐवजी मुलांच्या स्वतःच्या चित्रांना मान दिला. १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस ही कला व रचनेची शाळा आणि शांतिनिकेतनात कलाभवन हे कलाविद्यालय उभे राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे ३१ वे कलम सांस्कृतिक व कलाजीवनात सहभागी होण्याचा मुलांचा हक्क मान्य करते.

तरीही पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री इथेच लागते. विषय एका फटक्यात बंद होत नाही. कलाशिक्षक निवृत्त होतात, पद रिकामे राहते. दोन तासांचा एक होतो. परीक्षा जवळ आली की तोही गणिताला जातो. वेळापत्रकात विषय असतो, शिकवणारे कोणी नसते. ज्यांच्या घरी खासगी शिकवणीची ऐपत आहे त्यांची मुले शिकत राहतात, बाकीच्यांची दारे बंद होतात. कपातीतला सर्वांत मोठा अन्याय हाच.

कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये मतदारांनी मालमत्ता करावर मर्यादा घातली. शाळांचे उत्पन्न आटले आणि कला-संगीताचे वर्ग त्यात भरडले गेले. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये उच्च शिक्षणातील अनेक कलाविषयांचे विशेष अनुदान निम्म्यावर आणण्यात आले.

कलेचा बचाव करताना ‘संगीताने गणित सुधारते’ असा युक्तिवाद हमखास होतो. तो लंगडा आहे. मोझार्टचे संगीत ऐकल्यावर एका प्रकारच्या चाचणीत थोडा वेळ गुण वाढल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर भलतेच इमले बांधले गेले. एलेन विनर आणि लोइस हेटलँड या संशोधिकांनी २००० मध्ये उपलब्ध संशोधन एकत्र तपासले, तेव्हा कलेमुळे इतर विषयांतले गुण वाढतात याला बहुतांशी भक्कम आधार सापडला नाही. कलेला गणिताची मोलकरीण ठरवले, तर उद्या कोणीही म्हणेल की मग थेट गणिताचाच तास वाढवा. याच दोघींनी पुढे चित्रवर्गांत बसून निरीक्षणे केली आणि तिथे खरोखर काय शिकवले जाते ते नोंदवले : बारकाईने पाहणे, चिकाटी, समोर नसलेले कल्पनेत उभे करणे, आपल्याच कामाकडे परतून बघणे. कलेची बाजू इथून मांडली, तरच ती टिकते.

संरक्षण मात्र सदिच्छेवर सोडून चालत नाही. कॅलिफोर्नियातच २०२२ मध्ये मतदारांनी शाळांच्या कला व संगीत शिक्षणासाठी दरवर्षी स्वतंत्र निधी बांधून दिला. पाचशे किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शाळा-जिल्ह्यांनी (एका भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी) त्यातला किमान ८० टक्के भाग शिक्षक व कर्मचारी नेमण्यावरच खर्चायचा आणि या पैशाच्या आडून कलेवरचा आधीचा खर्च कमी करायचा नाही, असे बंधन त्यात आहे. रंगपेट्या एका दिवसात विकत आणता येतात. कलाशिक्षक तयार व्हायला वर्षे लागतात.