व्हर्दून ते सोम : रणभूमीतले सायकलचे रस्ते इतके रिकामे का आहेत

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल राइडच्या निमित्तानं आपल्याकडचे रायडर्स दर चार वर्षांनी फ्रान्सला जातात, पण तो रूट पश्चिमेला ब्रिटनीकडे जातो, त्यामुळे आमियाँपासून व्हर्दूनपर्यंतचा ईशान्येकडचा पट्टा बहुतेकांचा राहूनच जातो. खरं तर रोड बाइकला यापेक्षा चांगले रस्ते शोधूनच काढावे लागतील. अरुंद पण गुळगुळीत डांबरी, नंबर लावलेले ‘डी’ म्हणजे जिल्हा रस्ते, बाजूला बीटची शेतं नाहीतर दाट जंगल, मधेच एखादं लहानसं गाव, आणि मागून हॉर्न असा जवळजवळ नाहीच. बघून वाटतं की हा भाग पहिल्यापासून असाच असणार. थोडंफार ते खरंही आहे, व्हर्दूनच्या म्यूज जिल्ह्यातली माणसं पहिल्या महायुद्धाच्या कितीतरी आधीपासून शहरांकडे चालली होती. पण आज आपण ज्या शांत रस्त्यांवरून सायकल मारतो त्यातले बरेचसे शांत झाले ते १९१९ नंतर, कुठली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची आणि कुठली द्यायची नाही या एका निर्णयामुळे. युद्धाची तारीखवार हकिकत सगळ्यांना माहीत असते, ती इथे सांगत बसत नाही.

रस्त्यांपासून सुरुवात करायची तर आधी बार-ल-द्यूक ते व्हर्दून. १९१६ च्या फेब्रुवारीत व्हर्दूनवर जर्मनांचा हल्ला झाला तेव्हा तिथे जाणारी एक मोठी रेल्वे लाइन शत्रूनं तोडलेली होती आणि दुसरी तोफांच्या माऱ्यात होती, उरला तो हा एक जिल्हा रस्ता आणि त्याच्या शेजारून जाणारी नॅरोगेज. साधारण साठ किलोमीटरच्या त्या एकाच रस्त्यावरून आठवड्याला ९० हजार माणसं आणि ५० हजार टन दारूगोळा गेला असं सांगतात, गर्दी सगळ्यात जास्त होती तेव्हा दर १४ सेकंदाला एक ट्रक. बर्फ वितळून रस्ता चिखल व्हायला लागला तर आजूबाजूला खाणी उघडून खडी सरळ चालत्या ट्रकांच्या चाकांखाली फावड्यानं टाकत राहिले, रोलर फिरवायला वेळच नव्हता, तेच ट्रक रोलर झाले. बंद पडलेला ट्रक दुरुस्त करत बसायचं नाही, ढकलून शेतात टाकायचा, असा नियम होता. युद्धानंतर या रस्त्याला ‘पवित्र मार्ग’ म्हणून राष्ट्रीय दर्जा दिला आणि किलोमीटरच्या दगडांवर सैनिकी हेल्मेट बसवली, ती आजही आहेत. पुढे २००६ मध्ये रस्ता जिल्ह्याकडे आला तेव्हा नवा नंबर देताना मुद्दाम डी १९१६ दिला. सायकलवर मात्र हा रस्ता पूर्ण करायचा हट्ट धरू नये, गाड्या इथे इतर रस्त्यांपेक्षा जास्त असतात आणि चढउतार पण सारखे आहेत. मधलं सुयी गाव तेवढं जरूर बघावं, तिथल्या नगरपालिकेच्या छोट्याशा इमारतीतून ही सगळी लढाई चालवली गेली, आणि १९१८ मध्ये अमेरिकनांनीही तिथूनच आपली मोहीम चालवली.

सायकलचा या भागाशी संबंध युद्ध संपल्या संपल्या आला. टूर द फ्रान्स जिंकलेले तीन जण युद्धात मारले गेले होते, बाकीच्यांचे पाय चार वर्षं पॅडलवर नीट पडलेले नव्हते, आणि तरी १९१९ च्या एप्रिलच्या शेवटी एका पॅरिसच्या पेपरनं थेट रणभूमीतून सात टप्प्यांची, सुमारे दोन हजार किलोमीटरची रेस लावली. स्ट्रासबुर्गहून निघायचं, लक्झेंबर्ग, ब्रसेल्स, आमियाँ, पॅरिस, बार-ल-द्यूक, बेलफोर करून परत स्ट्रासबुर्ग. ८७ जण निघाले, पोचले २१. ब्रसेल्स-आमियाँ हा टप्पा तर ३२३ किलोमीटरचा, पाऊस आणि गारा, रस्ता म्हणजे कुठे लाकडी फळ्या, कुठे नुसते खड्डे, जिंकणारा रात्री अठरा तासांनी पोचला आणि मागचे दुसऱ्या दिवशी. ती रेस परत तशी कधी झाली नाही. त्याच्या काही दिवस आधी झालेल्या पॅरिस-रुबे या एका दिवसाच्या रेसला ‘उत्तरेचा नरक’ हे नाव पडलं ते सुद्धा याच वर्षी, रूट बघायला गेलेल्या लोकांनी जे पाहिलं त्यावरून. आज लोकांना ते नाव दगडी फरसबंदीमुळे पडलंय असं वाटतं.

आता मुख्य गोष्ट, लाल झोन. शांतता झाल्यावर सरकारनं उद्ध्वस्त भागाचे नकाशे रंगवले. कमी नुकसान झालं तिथे एक रंग, मधल्याला दुसरा, आणि जिथे जमीन सरळ करायचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त तिथे लाल. १७ एप्रिल १९१९ च्या नुकसानभरपाई कायद्यानं अशी जमीन सरकारला विकत घेता येणार होती. हिशेब म्हणून बघितलं तर बरोबर आहे, पण हा हिशेब कुणी केला? जिल्ह्याच्या कचेरीत बसून केला, आणि शेतकरी त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यांत निर्वासित म्हणून राहत होते. लाल झोन सुरुवातीला लाख हेक्टरच्या वर होता. लोक परत यायला लागले, पत्र्याच्या आणि लाकडी शेडमध्ये राहायला लागले, स्वतःच्या हातानं खंदक बुजवायला लागले, तारा गोळा करायला लागले, आणि आमची जमीन लाल नाही म्हणून अर्जावर अर्ज करायला लागले. त्यांना काही भावनेपोटी असं वाटत होतं असं नाही, सोमची, म्हणजे आमियाँकडच्या जिल्ह्याची, माती गव्हाला आणि बीटला उत्तम आहे हे त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. दहा वर्षांच्या आत लाल झोन निम्म्याहून कमी झाला. सोममध्ये तर बहुतेक सगळी जमीन परत नांगराखाली आली, म्हणूनच तिथल्या तीपव्हाल गावाच्या आसपास सायकल चालवताना डोळ्यांपुढे मोकळी शेतं असतात आणि खंदक शोधावे लागतात.

व्हर्दूनला उलट झालं. तिथली माती मुळात हलकी, गावं लहान, दबाव टाकणारे लोक कमी, आणि जमिनीत न फुटलेले गोळे आणि माणसांची हाडं इतकी की सरकारला परत द्यायचा धीर झाला नाही. विकत घेतलेल्या जमिनीवर १९२० च्या आणि ३० च्या दशकात कोट्यवधी झाडं लावली, त्यात ऑस्ट्रियन काळा पाइन मोठ्या प्रमाणात, खराब चुनखडीच्या जमिनीत तो टिकतो म्हणून. नऊ गावं परत वसवायची नाहीत असं ठरलं, पण त्यांना कागदावरून पुसलं पण नाही, ‘फ्रान्ससाठी मेलेलं गाव’ म्हणून ठेवलं. त्यातल्या तीन गावांत, ओर्न, वो आणि दुओमाँमध्ये, थोडीफार घरं पुन्हा झाली. सहांमध्ये एकही माणूस राहत नाही आणि तरी त्यांना महापौर आहे, निवडून येत नाही कारण मतदारच नाहीत, जिल्हा प्रशासन नेमतं. दुओमाँ आणि वो २०१९ मध्ये एक झाले.

फ्लरीला गेलात तर समजेल. व्हर्दूनच्या टेकडीवर, डी ९१३ च्या कडेलाच. १९१६ च्या उन्हाळ्यात हे गाव १६ वेळा या हातातून त्या हातात गेलं. आज तिथे झाडांखाली हिरवळीचे खड्डे आहेत, एकात एक, आणि त्यामधून पायवाट, पायवाटेच्या कडेला छोट्या खुणा, इथे बेकरी होती, इथे कॅफे, इथे लोहार. रस्ता होता तिथे पायवाट आहे, घर होतं तिथे खड्डा. गावाच्या रेल्वे स्टेशनच्या जागेवर १९६७ मध्ये म्युझियम झालं. पुढे चढावर अस्थिगृह, ओळख न पटलेल्या सुमारे १ लाख ३० हजार सैनिकांच्या अस्थी तिथे आहेत, दोन्ही बाजूंच्या. क्लीट्सचे (पॅडलला अडकणारे) बूट घालून आत जाऊ नये, दगडी फरशीवर आवाज होतो आणि घसरायलाही होतं.

निर्णय बरोबर होता का? जंगलामुळे खंदक आणि खड्डे टिकले हे मान्यच आहे, शेतात ते एका पिढीत गेले. पण लाल रेघ मारली ती डोळ्यांना दिसणाऱ्या नुकसानावर, विषावर नाही. व्हर्दूनच्या उत्तरेला स्पँकूरच्या जंगलात १९२८ च्या सुमाराला सुमारे दोन लाख रासायनिक गोळे जाळले, त्या मोकळ्या जागेवर आजही नीट काही उगवत नाही, माती आर्सेनिकनं भरलेली आहे, आणि हे तपासून कळायला २००० नंतरचं दशक उजाडलं. २०१५ मध्ये तर त्याच भागातल्या काही शेतांवरचं पीक आणि दूध नष्ट करायला लावलं, कारण खाली १९२० च्या दशकातली गोळे निकामी करायची जागा निघाली. म्हणजे ज्यांना जमीन परत मिळाली म्हणून आनंद झाला त्यांच्या नातवंडांनी हे भोगलं, आणि ज्यांची जमीन नुसत्या खड्ड्यांसाठी गेली ते कायमचे उठले. माझ्या मते शेतकऱ्यांचं ऐकलं ते ठीकच केलं, चूक झाली ती माती न तपासण्यात.

याचा सायकलवाल्यांशी थेट संबंध आहे. सोममध्ये नांगरणीच्या दिवसांत शेताच्या बांधाला, विजेच्या खांबाच्या पायथ्याशी गंजलेले गोळे रचून ठेवलेले दिसतात, शेतकऱ्यांनी गोळे निकामी करणाऱ्या पथकासाठी काढून ठेवलेले. हात लावायचा नाही, पायानं हलवायचं नाही, फोटोसाठी जवळ पण जायचं नाही. व्हर्दूनच्या जंगलात डांबरी सोडून आत घुसायचं नाही ते याचसाठी.

बाकीचं सगळं अलीकडचं. एका टायर कंपनीनं युद्ध चालू असतानाच, १९१७ पासून, रणभूमीची गाईडबुकं काढली, पण ती मोटारवाल्यांसाठी. सायकलसाठी वेगळे रूट व्हायला जवळजवळ ऐंशी वर्षं गेली, बंद रेल्वेलाइन आणि कालव्याकाठचे जुने ओढवाटेचे रस्ते मोकळे करून ते आखले. सोमच्या काठानं पेरॉनच्या बाजूनं आमियाँ करून समुद्रापर्यंत जाता येतं, सपाट आणि वारा सोडला तर त्रास नाही. म्यूजच्या काठचा लांब रूट लांग्रच्या पठारावरून उत्तरेला नेदरलँड्सपर्यंत जातो आणि व्हर्दून त्याच्यावरच आहे. शमँ दे दाम या दुसऱ्या रणभूमीच्या कड्यावरून सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता आहे, तिथलं जुनं क्रान गाव पण परत बांधलं नाही, नवं खाली बांधलं आणि जुन्याच्या जागी झाडांचा बाग केला. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीचं घोंगडं पण बरीच वर्षं भिजत पडलं होतं, अलीकडच्या युद्धांच्या जागा यादीत घ्याव्या का यावर २०१८ मध्ये निर्णय पुढे ढकलला आणि शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्स-बेल्जियममधल्या १३९ जागा घेतल्या.

त्यातली एक आपल्यासाठी महत्त्वाची, नव्ह शापेलचं भारतीय स्मारक. बेथ्यूनपासून पंधरा किलोमीटरच्या आत, रस्ता पूर्ण सपाट. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये उघडलेलं हे गोल स्मारक चार हजार सातशेहून जास्त बेपत्ता भारतीय सैनिक आणि मजुरांच्या नावांचं आहे, खांबावर इतर लिप्यांबरोबर देवनागरीतली ओळ कोरलेली आहे. २८ ऑक्टोबर १९१४ ला याच गावावर ४७ वी शीख आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या, २० वी आणि २१ वी, चालून गेल्या, घराघरांतून संगिनीनं लढल्या, आणि मागून कुमक आली नाही म्हणून परत फिरल्या, तोवर त्यांचे बहुतेक अधिकारी पडलेले होते. पूल आणि खंदक बांधायला शिकवलेली ही माणसं, त्यांना पायदळासारखं पुढे घातलं. पूना हॉर्स हे घोडदळ पण याच भागात लढलं. त्यामुळे पुण्याहून जाणाऱ्यांनी निदान हा एक दिवस उत्तरेला काढावा, भिंतीवर सॅपर्सची नावं रेजिमेंटप्रमाणे लावलेली आहेत, आणि गाव तिथून सायकलवर काही मिनिटांवर आहे.