भिंतीबाहेरचा बाजार

वाशीच्या फळबाजारात हापूसच्या हंगामात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. बागायतदार शेजारी उभा असला तरी आकडा त्याला कळत नाही. ही पद्धत, आणि वर कडता (वजनातली कपात), तोलाई (वजन करण्याचे पैसे), आडत (अडत्याचं कमिशन) अशी कापाकापी थांबावी म्हणून शेतमालाच्या व्यापाऱ्यांना बाजार समितीचा परवाना आला. मुंबई प्रांताचा कायदा १९३९चा, महाराष्ट्राचा १९६३चा. रुमाल मात्र टिकला!

धंद्याच्या हक्कावर घाला, अशी तक्रार व्यापाऱ्यांनी आधीच केली होती. १९५९ मध्ये मद्रासच्या कायद्यावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परवाना संविधानाला मान्य असलेल्या वाजवी निर्बंधात बसवला. शेतकऱ्याचं हित हे कारण पुरेसं ठरलं. दोन वर्षांनी मुंबईचा कायदाही टिकला, फक्त नियमांतला काही भाग गळाला.

खरा घोळ 'बाजार' या शब्दाचा. कायदा कोणी करायचा हे संविधानातल्या सूची ठरवतात. राज्य सूचीतल्या नोंद २८ मध्ये बाजार व जत्रा आहेत, तर केंद्र आणि राज्य दोघांच्या समवर्ती सूचीतल्या नोंद ३३ मध्ये, १९५४च्या दुरुस्तीपासून, अन्नपदार्थांचा व्यापार. मग कांदा कुठल्या नोंदीत? आणि बाजार म्हणजे भिंतीआतलं आवार की अख्खी हद्द? १९६३च्या कायद्याने 'बाजार क्षेत्र' एवढं रुंद धरलं की मुंबई बाजार समितीच्या हद्दीत बृहन्मुंबईही आली. घाऊक सौदा कुठेही करा, परवाना हवाच. शेतकऱ्याने स्वतःचा माल विकला किंवा किरकोळ विक्री झाली तर सूट. म्हणजे दादरच्या फुटपाथवरच्या भाजीवालीला हा परवाना लागतच नव्हता (पालिकेची गाडी येते ती वेगळ्या कारणाने). माझ्या मते शब्द इथेच नको तितका ताणला गेला. न्यायालयाला तसं वाटलं नाही; २००२ मध्ये तंबाखूच्या बाजारावर कायदा केंद्राचा की राज्याचा, या वादात तीन विरुद्ध दोन असा कौल राज्यांकडे गेला.

मग महाराष्ट्रानेच हात आखडता घेतला. जुलै २०१६ मध्ये आवाराबाहेरची फळं-भाजी नियमनमुक्त झाली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराच्या माथी आली. व्यापाऱ्यांनी बंद पाळला. थोड्याच दिवसांत विधानभवनाच्या आवारात रविवारी शेतकऱ्यांचा आठवडी बाजार भरू लागला.

२०२० मध्ये केंद्राने कृषी कायदा करून आवार आणि बाहेर यांच्यातली हीच भिंत देशभर उभी केली. आवाराबाहेरचं सगळं 'व्यापार क्षेत्र', तिथे पॅन कार्ड पुरे, राज्याचं शुल्क नाही. आधार नोंद ३३चा. विरोधक राज्य सूचीतल्या नोंद १४ (शेती) आणि २८ घेऊन न्यायालयात गेले. १२ जानेवारी २०२१ला स्थगिती मिळाली, वर्ष संपायच्या आत कायदाच रद्द झाला आणि कुठली नोंद भारी, याचा निवाडा झालाच नाही.