पाळीव मांजर : आहार व नेहमीची दुखणी (सातारा–सांगली परिसर)

मांजर (फेलिस कॅटस) हा मार्जार कुलातील लहान, निव्वळ मांसाहारी सस्तन प्राणी. त्याचा पूर्वज फेलिस लायबिका हे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातले रानमांजर. कृष्णाकाठी नराला बोका, मादीला मांजरी किंवा भाटी म्हणतात. हाकेपुरते नाव बहुधा मनी नाहीतर माऊ. या भागात मांजर हौसेने पाळण्याची रीत तशी अलीकडची. पूर्वी ते कामाला असे. ज्वारीची कणगी, गुळाच्या ढेपा, हळदीची पोती, माळ्यावरची अडगळ असे सगळे ज्या घरात, तिथे उंदीर ठरलेले, आणि त्यांच्यामागे मांजर. त्याच्यापुढे वाटीभर दूध आणि कुस्करलेली भाकरी ठेवली जाई. मांजर दूधभाकरीवर जगते असा समज त्यातूनच झाला. प्रत्यक्षात ती वरची खिरापत होती. जेवण मांजर स्वतः मारून आणत होते. वाडे पडून सदनिका आल्या, उंदीर गेले, दूधभाकरी तेवढी राहिली. आज दवाखान्यात येणाऱ्या पुष्कळ मांजरांच्या तक्रारींचे मूळ या वजाबाकीत सापडते.

उंदराचे ताट

घरातला लहान उंदीर धरला, तर त्याचे वजन 20 ग्रॅमच्या आसपास. त्यातून साधारण 30 किलोकॅलरी मिळतात. चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला 200 ते 250 किलोकॅलरी लागतात, म्हणजे सात-आठ उंदीर. उंदरात दोन तृतीयांशाहून जास्त पाणी असते, हाडांतून कॅल्शियम मिळते, काळजातून अ जीवनसत्त्व, स्नायू व हृदयातून टॉरिन. पिष्ट जवळजवळ नाहीच. याउलट भाकरी म्हणजे मुख्यतः पिष्ट.

टॉरिन हे अमिनो आम्ल माणसाचे शरीर तयार करते, मांजराचे शरीर गरजेपुरते करू शकत नाही. ते फक्त प्राणिज अन्नातून मिळते. त्याच्या अभावी डोळ्यातील दृष्टिपटल झिजते हे 1975 मध्ये, आणि हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगते हे 1987 मध्ये संशोधकांनी दाखवले. डोळ्याचे नुकसान भरून येत नाही. हृदयाचे मात्र वेळेत टॉरिन दिल्यास बऱ्याचदा सुधारते. तसेच गाजरातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणे मांजराला जमत नाही. ते तयारच मिळावे लागते. गोड चव तर त्याला कळतच नाही, कारण जिभेवर ती चव ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) बनवणारे जनुक मार्जार कुलात निकामी झालेले आहे. साताऱ्याच्या कंदी पेढ्याभोवती मांजर घुटमळते ते खव्यातल्या स्निग्धाच्या वासाने.

शाकाहारी घरांत मांजर असणे इथे मुळीच दुर्मीळ नाही, आणि घरात मांस शिजवायचे नाही हा त्या घराचा प्रश्न आहे. पण मांजराला त्या नियमात बसवता येत नाही. अशा घरांसाठी 'संपूर्ण व संतुलित' असे लिहिलेले मांजराचे पाकिटातले खाद्य हाच सरळ मार्ग. कुत्र्याचे खाद्य त्याऐवजी चालत नाही. त्यात टॉरिन मांजराच्या गरजेइतके असेलच असे नाही.

घरी शिजवून द्यायचे तर बिनमिठाचे, बिनमसाल्याचे कोंबडीचे मांस घ्यावे. त्यात हृदय भरपूर, काळीज थोडे. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून उकडल्याचे पाणी फेकू नये, त्यातच कालवून द्यावे. नुसत्या मांसात फॉस्फरस जास्त व कॅल्शियम नगण्य असते. त्यावर वाढवलेल्या पिल्लाच्या हाडांतले कॅल्शियम ओढले जाते आणि ओट्यावरून मारलेल्या उडीनेही पाय मोडतो. अर्धा किलो मांसाला सुमारे अर्धा चहाचा चमचा अंड्याच्या कवचाची बारीक पूड हा ढोबळ उपाय आहे. एवढ्याने जेवण पुरे होत नाही. कायम घरचेच द्यायचे असेल तर पूरक घटक पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावेत.

दूध, मासे, काळीज

दूध सोडल्यानंतर बहुतेक मांजरांच्या आतड्यातले, दुग्धशर्करा पचवणारे विकर (एन्झाइम) कमी होते. म्हशीचे घट्ट दूध त्यांना आणखी जड. जुलाब लागले की घरचे 'काही खात नाही, निदान दूध तरी पिऊ दे' म्हणून पुन्हा तेच ठेवतात आणि दुखणे लांबते. दूध बंद करून दोन-तीन दिवस पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

कटला, रोहू यांच्या कार्प कुळातल्या काही माशांत कच्चेपणी ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. रोज कच्चा मासा खाणाऱ्या मांजराची मान पुढे झुकते, चाल डळमळते. शिजवल्यावर ते विकर निकामी होते. तरीही निव्वळ माशांवर मांजर ठेवू नये. ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजते व दुखते, आणि मांजर अंगाला हात लावू देत नाही. आठवडी बाजारातली सुकट व सुके बोंबील मांजराला जीव की प्राण, पण त्यांत मीठ भरमसाट. काळजाचे तसेच: रोजच्या रोज महिनोन्महिने दिल्यास अ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके एकमेकांना चिकटतात, आणि मान वळत नसल्याने मांजर अंग चाटायचे सोडते. मालकाला वाटते, आळशी झाले.

या भागातला खास धोका म्हणजे कांदा-लसूण मसाला. रविवारच्या रश्श्यातला तुकडा मांजराला टाकताना तो पाण्याखाली धुतला तरी मसाला आत मुरलेला असतो. कांदा-लसणातील गंधकयुक्त द्रव्यांनी तांबड्या पेशी फुटतात. शिजवून वा वाळवून ही द्रव्ये जात नाहीत. वाळवलेल्या पुडीत तर ती एकवटतात. वजनाच्या दर किलोमागे सुमारे 5 ग्रॅम कांदा मांजराला बाधू शकतो. चार किलोच्या भाटीला हे 20 ग्रॅम, म्हणजे छोट्या कांद्याचा तुकडा. लक्षणे काही दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद, धाप. तोवर रविवार कोणाच्या लक्षात नसतो. शिजवलेल्या हाडांच्या कपच्या होऊन त्या घशात वा आतड्यात रुततात. तीही देऊ नयेत.

लघवी अडणे

बोक्याच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही. मांजराची तहान मुळात मंद, लघवी दाट. वाळवंटी पूर्वजांचा हा वारसा. उंदरातून मिळणारे पाणी पुरत असे. कोरडे दाणे खाणाऱ्या मांजराला ते वेगळे प्यावे लागते, आणि तेवढे ते पीत नाही. दाट लघवीत खडे धरतात, मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्याची मूत्रनलिका शेवटी फार अरुंद असल्याने खडे व श्लेष्म्याचा बोळा तिथे अडकतो. मादीची नलिका आखूड व रुंद. तिला त्रास होतो, पण मार्ग सहसा पूर्ण बंद होत नाही.

बोका पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो. येते ते थेंबभर, कधी रक्ताळलेले. घरचे हे बद्धकोष्ठ समजतात आणि एरंडेल पाजतात. त्यात दिवस जातो, आणि इथे दिवसच हाताशी असतो. मूत्रपिंडे काम थांबवतात, रक्तात पोटॅशियम चढते, हृदयाचे ठोके बिघडतात. दोन-तीन दिवसांत बोका दगावू शकतो. पोट दाबून पाहू नये, मूत्राशय फुटण्याची भीती असते. भूल देऊन नळी घालणे व शिरेतून सलाईन हे दवाखान्यातच होणारे काम आहे, आणि ते रात्री अडले तर रात्रीच.

बाहेर फिरणाऱ्या बोक्याने आज लघवी केली का, हे घरात कोणालाच माहीत नसते. घरात वाळूचा वा लिटरचा (शौचासाठी मिळणाऱ्या तयार दाण्यांचा) ट्रे ठेवण्याचा मोठा फायदा हाच की लघवीने धरलेले गोळे मोजता येतात. एकदा अडलेला बोका पुन्हा अडू शकतो, म्हणून पुढे ओले खाद्य द्यावे किंवा दाणे भिजवून द्यावेत. चार किलोच्या मांजराला अन्नासह दिवसाला 200 मिलिलिटर पाणी गृहीत धरतात. पसरट भांडी दोन-तीन ठिकाणी, जेवणापासून दूर ठेवली तर पाणी जास्त पोटात जाते. मिशा भांड्याच्या काठाला लागलेल्या पुष्कळ मांजरांना आवडत नाहीत. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये मातीचे परळ उत्तम.

ताणानेही मूत्राशय सुजते: नवे मांजर, घर बदलणे, पाहुण्यांची वर्दळ. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत कृष्णाकाठच्या माणसांबरोबर मांजरांचेही स्थलांतर झाले. अशा वेळी लघवी आणि खाणे या दोहोंवर लक्ष हवे.

न खाणे

माणसाला लंघन मानवते, मांजराला नाही. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून यकृत निकामी होऊ लागते. कानाची आतली बाजू व हिरड्या पिवळ्या पडतात. म्हणून 'भूक लागली की खाईल' हा हट्ट इथे अंगाशी येतो. लठ्ठपणा घटवायचा तोही हळूहळू, आठवड्याला वजनाच्या सुमारे एक टक्का. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, दिसू नयेत. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज घटते, हे सांगायला कोणी विसरू नये, विसरतात.

चुकीची औषधे व विषे

पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसाच्या यकृतात ज्या मार्गाने ते निकामी होते, तो मार्ग मांजरात फार दुबळा असतो. एक गोळीही जीव घेऊ शकते. चेहरा सुजतो, हिरड्या तपकिरी होतात. अंग गरम लागते म्हणून गोळी देणाऱ्याने हे जाणावे की मांजराचे निरोगी तापमानच 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. फिनेलसारखी फिनॉलयुक्त जंतुनाशकेही याच दुबळेपणामुळे बाधतात: पुसलेल्या फरशीवरून मांजर चालते, मग पंजे चाटते.

गोठा असलेल्या घरांत म्हशीच्या गोचिडांवर आणलेले औषध मांजराच्या पिसवांवर वापरले जाते. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या गटातली औषधे मांजराच्या अंगावर घातली तर थरथर व झटके येऊ शकतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंबही तसेच. गुदामात ठेवलेल्या ब्रोमॅडिओलोन या उंदरांच्या विषाच्या वड्या खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर काही दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. यावर के-1 जीवनसत्त्वाचा उतारा आहे, म्हणून वडीचे वेष्टन दवाखान्यात न्यावे. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या उंदीरविषाला मात्र उतारा नाही.

जखमा, कातडी, जंत, लसी

बोक्यांच्या मारामारीत सुळ्याचे भोक बारीक पडते, वरून बुजते आणि आत पू होतो. हळदीच्या या मुलुखात जखमेवर पहिली चिमूट हळदीचीच पडते. ती वरच राहते. गळू फोडून धुणे व प्रतिजैविक लागते. कानाच्या कडांवर राखाडी खपल्या धरून पुढे डोक्यावर पसरणारी खरूज किडीमुळे होते. रॉकेल वा जळके तेल लावल्यास मांजर ते चाटून पोटात घेते. गोल चट्टे व केस गळणे हे गजकर्ण असू शकते आणि ते घरच्या मुलांना लागते. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर तो पिसवांतून येणारा फीतकृमी. जंताच्या औषधाबरोबर पिसवाही घालवाव्या लागतात.

पिल्लांचा काळ म्हणजे पॅनल्युकोपेनिया, बोलीत 'मांजरांचा पार्वो': उलट्या, जुलाब, मलूलपणा, आणि एकाच वेताची सगळी पिल्ले जातात. विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. अशा घरात लस न टोचलेले नवे पिल्लू आणू नये. फरशीला ब्लीच वापरावे. तिहेरी लस आठव्या आठवड्याच्या सुमारास सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी देतात. रेबीजची तीन महिन्यांनंतर. मांजर चावले वा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी माणसाच्या दवाखान्यात जावे. गर्भवतीमुळे मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते. टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला बाधू शकणाऱ्या परजीवीचे अंश विष्ठेत संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, तेव्हा ट्रे रोज आणि दुसऱ्या कोणी साफ करावा.

उपचारांची सोय

दोन्ही जिल्ह्यांतील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा मुख्य भार गाई-म्हशींचा. मांजरे पाहणारे खासगी डॉक्टर प्रामुख्याने शहरांत आहेत. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मांजर मोकळे कडेवर घेऊन दुचाकीवर नेऊ नये. झाकणाची टोपली, तीही नसेल तर हवा जाईल अशी चेनची पिशवी आणि आत त्याच्या वासाचे फडके. निघण्यापूर्वी ते झोपलेले असताना श्वास मोजून ठेवावेत, मिनिटाला 30 च्या आत हवेत. डॉक्टरांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात: शेवटचे कधी खाल्ले, लघवी कधी केली, आणि घरातले कोणते औषध दिले.