प्रारण सुरक्षा, विद्यापीठ प्रयोगशाळांतील (ग्रामीण विदर्भ)

क्ष-किरण, गॅमा किरण, आल्फा व बीटा कण किंवा न्यूट्रॉन वापरणाऱ्या अध्यापन व संशोधन प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना आणि आसपासच्या लोकांना मिळणारी प्रारणाची (रेडिएशनची) मात्रा मर्यादेत ठेवण्याची व्यवस्था. उद्गम (प्रारण देणारा पदार्थ किंवा यंत्र) मागवण्यापासून तो पुरवठादाराकडे परत जाईपर्यंतची सर्व नोंद व देखरेख तीत येते. विदर्भात तिचा संबंध मुख्यतः नागपूर (१९२३), अमरावती (१९८३) व गडचिरोलीचे गोंडवाना (२०११) ही विद्यापीठे, त्यांना संलग्न महाविद्यालये आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (१९६९) यांच्याशी येतो. तालुक्याच्या गावी पदव्युत्तर भौतिकीचे वर्ग असले, तरी या कामासाठी वेगळा विभाग बहुधा नसतो. भौतिकीचा एखादा प्राध्यापक आणि प्रयोगशाळा परिचर हेच ते सांभाळतात.

उद्गम : अध्यापनासाठी प्रामुख्याने बंदिस्त, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ आवरणात कायमचा बंद केलेले, उद्गम वापरतात. प्लॅस्टिकच्या चकतीत बसवलेले सिझियम-१३७, कोबाल्ट-६०, स्ट्राँशियम-९० किंवा थॅलियम-२०४ गायगर-म्यूलर गणकाच्या (प्रारण मोजणाऱ्या उपकरणाच्या) प्रात्यक्षिकात लागतात. त्यांचा धोका वाजवीपेक्षा मोठा मानण्याचा कल दिसतो. क्यूरी व बेकरेल ही उद्गमाच्या क्रियाशीलतेची, म्हणजे किरणोत्सर्गाच्या वेगाची, एकके; सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या मात्रेचे. ५ मायक्रोक्यूरी (१८५ किलोबेकरेल) सिझियमपासून १० सेंमी. अंतरावर ताशी सुमारे १.६ मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते. १ मी. अंतरावर ती शंभरपटीने घटते आणि निसर्गात सर्वत्र असलेल्या प्रारणापेक्षाही कमी भरते. चकती चिमट्याने उचलावी, काम झाले की शिशाच्या पेटीत ठेवावी, प्रयोगशाळेत खाऊपिऊ नये, एवढी शिस्त येथे पुरेशी असते.

खुल्या उद्गमांचे तसे नाही. जीवरसायनशास्त्रात वापरले जाणारे फॉस्फरस-३२ (अर्धायुष्य, म्हणजे क्रियाशीलता निम्मी होण्याचा काळ, १४.३ दिवस) सांडले, तर हातमोजे, बाक, पिपेट सारेच दूषित होते. त्याच्या बीटा कणांसाठी शिसे पुढे धरणे चुकीचे, कारण शिशात ते थांबताना क्ष-किरण निर्माण होतात. म्हणून सुमारे १ सेंमी. जाडीचा ॲक्रिलिकचा पडदा वापरतात. स्फटिकांची रचना तपासणाऱ्या क्ष-किरण विवर्तनमापकात किरणोत्सर्गी पदार्थ नसतो आणि वीज गेली की प्रारणही थांबते. मात्र त्याची मूळ शलाका अरुंद व तीव्र असते. झडपेचे सुरक्षा कुलूप निकामी करून नमुना बसवणाऱ्याची बोटे काही सेकंदांतच भाजू शकतात आणि छातीवरच्या मात्रामापक बिल्ल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मात्रामर्यादेचा उगम : आजच्या मर्यादा नेमक्या कोठून आल्या, याविषयी मतभेद आहेत. आर्थर मुत्शेलर यांनी १९२४ च्या सुमारास (प्रसिद्धी १९२५) काही क्ष-किरण प्रयोगशाळांतील निरोगी दिसणाऱ्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या मात्रेचा अंदाज केला आणि त्वचा लाल होण्यास लागणाऱ्या मात्रेचा शंभरावा भाग महिन्याला ‘सह्य’ मानला. त्याच सुमारास स्वीडनमध्ये रोल्फ सिव्हर्ट यांनी वर्षाला त्या मात्रेचा दहावा भाग सुचवला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. काही लेखक या जुळणीला स्वतंत्र पडताळा समजतात. परंतु ‘त्वचा लाल होण्याची मात्रा’ हे माप तेव्हा प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळे निघत असे. शिवाय दोन्ही ठिकाणी निवडलेला अपूर्णांक सोयीचा, पूर्ण आकडा आहे. त्यामुळे ही जुळणी मुख्यतः योगायोगाची असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९३४ मध्ये प्रारण संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने दिवसाला ०.२ राँटजेन (क्ष-किरणांच्या मात्रेचे जुने एकक) ही मर्यादा घातली, तर अमेरिकन समितीने त्याच वर्षी निम्मी मर्यादा स्वीकारली. आंतरराष्ट्रीय आकडा आजच्या एककात वर्षाला ५०० मिलिसिव्हर्टच्या घरात जातो.

पुढे एका ठरावीक पातळीखाली अपाय होतच नाही, ही कल्पनाच मागे पडली. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून आंतरराष्ट्रीय शिफारशींत मात्रा शक्य तितकी कमी ठेवण्याची भाषा आली, आणि १९७० च्या दशकात ‘वाजवी रीतीने साध्य होईल तितकी कमी’ अशी सवलतीची शब्दयोजना रूढ झाली. अत्यल्प मात्रेचा अपाय तिच्या सरळ प्रमाणात असतो का, हा वाद अजून मिटलेला नाही. नियम करताना तसे गृहीत धरतात, इतकेच. भारतात व्यावसायिक मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. कोणत्याही एका वर्षात ती ३० च्या वर जाता कामा नये (आंतरराष्ट्रीय शिफारशीत ५० पर्यंत मुभा आहे). सर्वसामान्य जनतेसाठी ती १ मिलिसिव्हर्ट आहे.

कायदा व कारभार : ही व्यवस्था अणुऊर्जा कायदा, १९६२ च्या आधारावर उभी राहिली. त्याखालील १९७१ च्या प्रारण संरक्षण नियमांची जागा २००४ च्या नियमांनी घेतली. अंमलबजावणी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे (मुंबई) असून परवानग्यांचे अर्ज त्याच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर होतात. १८ वर्षांखालील व्यक्तीला प्रारणाच्या कामावर नेमता येत नाही आणि १६ वर्षांखालील व्यक्तीला प्रशिक्षणार्थी म्हणूनही घेता येत नाही. नियमानुसार संस्थेने मंडळाच्या मान्यतेने प्रारण सुरक्षा अधिकारी नेमायचा असतो. अडचण येथेच आहे. पात्र प्राध्यापक निवृत्त झाला की जागा भरेपर्यंत कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे जाते, पण कपाटात काय आहे हे ज्ञान निवृत्त प्राध्यापकासोबत घरी जाते.

वैयक्तिक मात्रा टीएलडी (तापवल्यावर प्रकाश देऊन मात्रा दाखवणाऱ्या) बिल्ल्याने मोजतात. त्यात डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेट-टेफ्लॉनच्या तीन चकत्या असतात व तो साधारणतः दर तिमाहीला वाचनासाठी पाठवतात. बिल्ला उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत विसरू नये, तसेच उद्गमाच्या कपाटाशेजारी खुंटीवरच्या ॲप्रनला लावून ठेवू नये. दुसऱ्या प्रकारात मात्रा ॲप्रनची मोजली जाते.

निर्लेखन व विल्हेवाट : ग्रामीण संस्थांपुढचा खरा प्रश्न वापरातल्या उद्गमांचा नसून विसरलेल्या उद्गमांचा आहे. डेडस्टॉक रजिस्टरात (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) ‘सोर्स, १ नग’ एवढीच नोंद असेल, तर पंचवीस वर्षांनी निरुपयोगी वस्तू नोंदीतून काढणाऱ्या निर्लेखन समितीपुढे तो तुटक्या खुर्च्या आणि बंद पडलेल्या ऑसिलोस्कोपच्या यादीतच येतो. समस्थानिक (कोबाल्ट-६०, सिझियम-१३७ यांसारखा मूलद्रव्याचा प्रकार), क्रियाशीलता व मोजणीची तारीख लिहिलेली असणे म्हणूनच महत्त्वाचे. ४० वर्षांत कोबाल्ट-६० (अर्धायुष्य ५.२७ वर्षे) मूळच्या अर्ध्या टक्क्यावर येते. सिझियम-१३७ (सुमारे ३० वर्षे) मात्र अजून ४० टक्के उरलेले असते.

दिल्लीतील मायापुरीची घटना याच चुकीतून घडली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ च्या सुमारास घेतलेले कोबाल्ट-६० चे गॅमा विकिरण यंत्र १९८५ पासून पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. भंगारबाजारात ते फोडल्यावर सात-आठ जणांना प्रारणबाधा झाली व एकाचा मृत्यू झाला. किरणोत्सर्गी घटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीत (सर्वांत गंभीर पातळी सातवी) या घटनेची नोंद चौथ्या पातळीची आहे. किरणोत्सर्गी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम १९८७ पासून अस्तित्वात होते, हे येथे लक्षात घ्यावे. वापरून झालेला बंदिस्त उद्गम मंडळाच्या परवानगीने मूळ पुरवठादाराकडे परत करायचा असतो. अल्पायुषी कचरा दहा अर्धायुष्ये ठेवला की क्रियाशीलता हजारांशाखाली जाते. फॉस्फरस-३२ साठी ही मुदत पाच महिन्यांच्या आत संपते.

रसायनशास्त्राच्या जुन्या कपाटांत युरेनिल ॲसिटेट, युरेनिल नायट्रेट व थोरियम नायट्रेटच्या बाटल्या आढळू शकतात. पहिला क्षार सोडियमच्या परीक्षणासाठी वापरत. थोरियम नायट्रेट पाण्यातील फ्लोराइडच्या जुन्या अनुमापन पद्धतीत लागे. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील भूजलात फ्लोराइडचा प्रश्न असल्याने ही आठवण अप्रस्तुत नाही. युरेनियम व थोरियम कायद्याने विहित, म्हणजे सरकारी नियंत्रणाखालचे, पदार्थ आहेत. ते बेसिनमध्ये ओतून मोकळे होता येत नाही. युरेनियमच्या बाबतीत किरणोत्सर्गापेक्षा मूत्रपिंडावरील रासायनिक विषारी परिणाम अधिक चिंतेचा असतो. थोरियमच्या बंद बाटलीत थोरॉन हा किरणोत्सर्गी वायू साचतो, म्हणून ती हवेशीर जागीच उघडावी आणि भुकटी उडू देऊ नये.

कृषी संशोधन : मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून, प्रारणाने घडवलेल्या उत्परिवर्तित (जनुकीय बदल झालेल्या) वाणांच्या आधारे, टीएयू-१ उडीद (१९८५) व टीएजी-२४ भुईमूग (१९९१) हे वाण प्रसारित झाले. दोन्ही नावांतील ‘ए’ अकोल्याचा. गॅमा किरण दिलेले बियाणे स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. त्यामुळे वर सांगितलेली बंधने विकिरण यंत्राच्या खोलीला लागू पडतात, बियाण्याच्या पोत्याला किंवा प्रक्षेत्रावर पेरणी करणाऱ्या मजुरांना नव्हे.