एसव्हीजी आयकॉनचा होव्हर-रंग

माउसचा कर्सर वर येताच (होव्हर) सदिश, म्हणजे रेषा-आकारांच्या वर्णनातून बनलेल्या, आयकॉनचा रंग सीएसएसने (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेने) बदलण्याची पद्धत. एसव्हीजी हे अशा चित्रांचे डब्ल्यू३सी या वेबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेचे २००१ पासूनचे प्रमाणित स्वरूप. त्यात आकार बहुधा पाथने (बाह्यरेषेचे वर्णन करणाऱ्या टॅगने) रेखलेला असतो. भरावाचा रंग ‘फिल’ आणि रेघेचा रंग ‘स्ट्रोक’ ठरवतो. म्हणूनच नुसता ‘कलर’ (अक्षरांचा रंग) बदलला तर आयकॉन ढिम्म राहतो.

आयकॉन पानात कसा आणला आहे, हे सर्वांत आधी पाहावे. एसव्हीजीचा कोड थेट एचटीएमएलमध्ये (पानाच्या मूळ कोडमध्ये) असेल तर सरळ मार्ग असा: पाथच्या फिलला ‘करंटकलर’ (त्या जागी लागू असलेला ‘कलर’) ही किंमत द्यावी आणि होव्हरचा नियम आयकॉनवर न लावता त्याला वेढणाऱ्या लिंकवर किंवा बटणावर लावून तिथला ‘कलर’ बदलावा. अक्षरे आणि आयकॉन एकदमच रंगतात. होव्हर पाथवरच ठेवला, तर नुसत्या रेघांच्या आयकॉनमध्ये कर्सर रेघेबाहेर सरकला की रंग जातो, कारण न भरलेला भाग कर्सरची दखल घेत नाही.

नेहमीची फसगत निराळीच. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलीत प्रत्येक पाथवर फिलचा काळा रंग आधीच लिहिलेला असतो. बाहेरच्या एसव्हीजी टॅगला लाल फिल दिला तरी पाथ काळाच राहतो, कारण वारशाने आलेल्या किमतीपेक्षा स्वतःवर लिहिलेली किंमत वरचढ ठरते. नियम थेट पाथवर लिहिला तर मात्र तो जिंकतो. तोच रंग ‘स्टाइल’ ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगमध्येच लिहिलेल्या सीएसएसमध्ये) असेल, तर हाही उपाय चालत नाही. तो रंग फाइलीतूनच काढून टाकणे उत्तम. दुरंगी आयकॉनमध्ये सरसकट सगळे पाथ रंगवू नयेत, आणि ‘फिल’ला ‘नन’ (भराव नाही) असलेल्या पाथचा फक्त स्ट्रोक बदलावा. नाहीतर पोकळ आकार भरून निघतो.

‘इमेज’ टॅगने आणलेली एसव्हीजी हा स्वतंत्र दस्तऐवज असतो. पानाचे सीएसएस तिच्या आत पोहोचत नाही. एकरंगी आयकॉन असेल तर रिकाम्या घटकाला ती फाइल ‘मास्क’ (आकाराबाहेरचा भाग झाकणारा साचा) म्हणून द्यावी, रुंदी-उंची ठरवावी आणि होव्हरवर पार्श्वरंग बदलावा. ‘फिल्टर’ने (चित्राचे रंग बदलणाऱ्या सीएसएस-गुणधर्माने) नेमका रंग साधणे किचकट असते.

‘ट्रान्झिशन’ (रंग हळूहळू बदलवणारा गुणधर्म) मूळ नियमात लिहावे, साधारण १५० ते २०० मिलिसेकंदांचे. फक्त होव्हरच्या नियमात लिहिले तर कर्सर निघताच रंग झटक्यात परततो. लिंकच्या कलरवर आणि पाथच्या फिलवर असे दोन्हीकडे लिहिले, तर काही ब्राउझरांत आयकॉन अक्षरांच्या मागे रेंगाळू शकतो.

कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी तोच रंग ‘फोकस-व्हिजिबल’लाही (कीबोर्डने घटकावर पोहोचल्याच्या अवस्थेलाही) द्यावा. स्पर्शपडद्यावर टॅपनंतर होव्हरचा रंग चिकटून राहतो. होव्हरचा नियम ‘होव्हर’च्या मीडिया क्वेरीत (उपकरणाला होव्हर जमत असेल तरच लागू होणाऱ्या अटीत) ठेवला की हे टळते.